त्रास देणारा साहेबच असेल तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दोन-तीन ठिकाणच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. प्रशिक्षणाच्या दिवशी 'काही शंका?' असं विचारलं की सगळं सभागृह गप्प. खऱ्या शंका नंतर येतात. जिन्यात, पाण्याच्या कूलरपाशी, नाहीतर रात्री साडेदहाला फोनवर. सुरुवात बहुतेकदा 'माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय' अशी असते. त्यातल्या नेहमीच्या शंका इथे लिहिल्या आहेत. 'साहेब' म्हणजे वरिष्ठ: मॅनेजर, सुपरवायझर, विभागप्रमुख, मुख्याध्यापक, मुकादम, सगळे त्यात धरा. आणि 'कायदा' म्हटलं की तो कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला बोलताना सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पॉश' म्हणतात. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

साहेबांनी अंगाला हात लावलेला नाही. तरी हा छळ होतो का?

होतो. कायद्यात पाच गोष्टी दिल्या आहेत: शारीरिक स्पर्श व लगट, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि नको असलेलं लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही वागणं, मग ते शब्दांतून असो की हावभावांतून. पाचांपैकी स्पर्श एकातच आवश्यक आहे.

हा वाद न्यायालयात फार पूर्वी झाला. निर्यात क्षेत्रातल्या एका संस्थेत अध्यक्षांच्या खासगी सचिवानं टायपिस्ट म्हणून काम करणाऱ्या मुलीला डिक्टेशनच्या नावाखाली हॉटेलात नेलं आणि लगट करायचा प्रयत्न केला. संस्थेनं त्याला काढून टाकलं. उच्च न्यायालयाला वाटलं, त्यानं 'प्रयत्न'च केला, प्रत्यक्ष काही केलं नाही, सबब बडतर्फी जास्त झाली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम केली. स्पर्श झाला की नाही एवढंच मोजत बसू नका, सगळं प्रकरण एकत्र बघा, असं न्यायालयानं सांगितलं.

'माझा तसा हेतू नव्हता' असं साहेब म्हणाले तर?

म्हणतातच. समितीपुढे सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं हेच वाक्य असेल. जानेवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. साहेब मुलींच्या खुर्चीमागे अगदी खेटून उभे राहायचे, खांद्यांना हात लावायचे, हस्तांदोलनाचा आग्रह धरायचे. काम बघायचं तर मागे उभं राहावंच लागतं, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयानं म्हटलं की या कायद्यात करणाऱ्याच्या हेतूपेक्षा कृतीला महत्त्व आहे. समोरच्या बाईला ती नकोशी होती का, एवढं पाहायचं. काम तर दोन पावलं मागे उभं राहूनही दिसतं.

'माझं ऐकलंस तर प्रमोशन देतो' असं कुणी तोंडानं बोलत नाही. मग सिद्ध कसं करायचं?

कायद्याला हे ठाऊक आहे, म्हणून कलम ३ मध्ये उघड आणि आडून असे दोन्ही प्रकार घेतले आहेत. आडून दिलेलं खास वागणुकीचं आमिष, वाईट वागणुकीची किंवा नोकरीची धमकी, कामात अडथळे आणून वातावरण नकोसं करणं, तब्येतीवर परिणाम होईल असा अपमान, हे सगळं त्यात येतं.

साहेबाची ताकद बोलण्यात कमी आणि कागदात जास्त असते. एका प्रकरणात तक्रारदार बाईनं तीन वर्षांची अप्रेझलं शेजारी शेजारी ठेवली. पहिली दोन उत्तम. तिसऱ्यात तोच साहेब, तेच काम, आणि शेरा 'सहकार्याची वृत्ती नाही'. मधल्या काळात एवढंच झालं होतं, की रविवारी 'फक्त कॉफी' प्यायला बोलावल्यावर ती गेली नव्हती. त्या नकाराचा मेसेज आणि अप्रेझलची तारीख यांत सोळा दिवसांचं अंतर होतं. समितीला आणखी फार काही विचारावं लागलं नाही.

चूक साहेबांची. त्यासाठी कंपनीला का धरायचं?

हा प्रश्न मालक लोक विचारतात, आणि रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्याच्या जन्मकथेतच आहे.

१९९२ साली राजस्थानात भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवणं हा त्यांच्या कामाचाच भाग. ते काम केलं म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ज्या कामामुळे हे घडलं ते काम देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा खटल्याचा निकाल आला आणि कामाच्या ठिकाणी सुरक्षितता देणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य ठरलं. पुढे सोळा वर्षांनी त्याचा कायदा झाला.

म्हणून या कायद्यात मालकाची जबाबदारी साहेबाच्या गुन्ह्याला चिकटलेली नाही, ती वेगळी उभी आहे. साहेबानं केलं म्हणजे कंपनीला आपोआप शिक्षा, असं कुठे लिहिलेलं नाही. कंपनीला तिच्या स्वतःच्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. कलम १९ मध्ये त्याची यादी आहे आणि ती बरीच लांब आहे. ठिकाण सुरक्षित ठेवणं, येणाऱ्या-जाणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनसुद्धा. छळाचे परिणाम काय होतात ते आणि समितीच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावणं. कर्मचाऱ्यांना आणि समितीलाही नियमित प्रशिक्षण देणं. चौकशीसाठी जागा, माहिती, कागदपत्रं पुरवणं, आरोपीला आणि साक्षीदारांना हजर ठेवायला मदत करणं. बाईला पोलिसांत जायचं असेल तर साथ देणं. सेवानियमांत लैंगिक छळ हे गैरवर्तन म्हणून धरणं.

यातलं बरंच काही त्रास होण्याच्या *आधी* करायचं आहे. साहेब असा वागेल हे कंपनीला कळणार नाही, हे मान्य. पण समिती नव्हती, प्रशिक्षण नव्हतं, तक्रार आल्यावर महिनाभर फाइल हलली नाही, हे मात्र कंपनीचंच काम असतं. समिती नेमली नाही किंवा कर्तव्य टाळलं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दुप्पट शिक्षा, आणि धंद्याचा परवाना किंवा नोंदणी रद्द होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पहिला दंड मोठ्या कंपनीला चहापाण्याच्या खर्चाएवढा वाटतो, हे खरंय. दुसऱ्याची भीती मात्र खरी असते.

'मालक' म्हणजे नेमकं कोण? मी तर ठेकेदाराकडून आले आहे.

ज्याच्याकडे त्या ठिकाणच्या व्यवस्थापनाची, देखरेखीची आणि नियंत्रणाची जबाबदारी आहे तो या कायद्यात मालक धरला जातो. पगार ठेकेदार देतो म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. कर्मचारी या शब्दात कायम, हंगामी, रोजंदारीवरच्या, कंत्राटी, एजंटमार्फत आलेल्या, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी स्वयंसेवक सगळ्या येतात. फरशी पुसणाऱ्या मावशी समितीकडे आल्या तर 'तुमच्या ठेकेदाराला सांगा' हे उत्तर चुकीचं आहे. मी ते दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा सांगणारा माणूस चांगला शिकलेला होता.

आमच्याकडे समिती आहे की नाही, हे कसं कळणार?

नोटीसबोर्ड बघा. एका कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो बोर्ड वॉटर कूलरच्या मागे होता. पाच नावं, खाली फोन नंबर. त्यातल्या एक मॅडम निवृत्त झालेल्या, एक साहेब दुसऱ्या युनिटला गेलेले, आणि अध्यक्षांचा नंबर नऊ आकडी.

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक शाखेत वेगळी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधून, एक बाहेरची व्यक्ती स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली, आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. कुणालाही सलग तीन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. बाहेरची व्यक्ती मुद्दाम ठेवली आहे, कारण साहेबाविरुद्धच्या तक्रारीत आतल्या सदस्यांचं इन्क्रिमेंटही कदाचित त्याच साहेबाच्या हातात असतं. (नियमांप्रमाणे या बाहेरच्या व्यक्तीला दिवसाचा भत्ता २०० रुपये आहे. ही नोकरी कोणी पैशांसाठी करत नाही, एवढं त्यावरून कळावं.)

त्रास देणारा खुद्द मालकच असेल, किंवा आम्ही चारच जणी काम करत असू तर?

मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी ती नेमतो. दवाखाना, वकिलाचं ऑफिस, दुकान, शिवणकामाचं युनिट, घरकाम, सगळं तिथे येतं. केंद्र सरकारचं 'शी-बॉक्स' हे पोर्टलही आहे. तिथे नोंदवलेली तक्रार संबंधित समितीकडे जाते. माझा अनुभव असा की पोर्टलवर टाकली तरी कागदावर एक प्रत देऊन पोच घेतलेली बरी.

तक्रार किती दिवसांत करावी लागते?

तीन महिन्यांत, आणि लेखी. प्रकार अनेक वेळा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते कारण तिला लिहून ठेवावं लागतं. म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने.

इथे पुष्कळ बायकांचा घात होतो. साहेब पुढे आणखी वर चढतात, बाई वाट बघते, मग बदली होते, जबाबदारी काढून घेतली जाते, आणि तेव्हा ती तक्रार करते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधी विद्यापीठाचं असंच प्रकरण आलं. आरोप कुलगुरूंवर होते, म्हणजे सर्वांत वरच्या साहेबांवर. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार त्याच वर्षी डिसेंबरात. नंतर पदावरून हटवण्याचे निर्णय झाले, पण ते प्रशासकीय निर्णय म्हणून धरले गेले, लैंगिक छळाची पुढची घटना म्हणून नाही. तक्रार मुदतीबाहेर गेली. न्यायालयानं त्या निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम ठेवायला सांगितलं, हा भाग वेगळा. पण चौकशी झालीच नाही.

तेव्हा घडलेल्या घटनांच्या तारखा आजच वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा.

लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. बाई आजारी असेल किंवा मनानं खचलेली असेल तर नातेवाईक, मैत्रीण, सहकारी तिच्या वतीनं तक्रार देऊ शकतात. नियमाप्रमाणे सहा प्रती द्याव्या लागतात.

तक्रार दिली, आणि उद्या सकाळी त्याच साहेबांच्या केबिनमध्ये रिपोर्ट करायचाय. काय करू?

चौकशी चालू असतानाच दिलासा मागता येतो, फक्त तो लेखी मागावा लागतो. आपण होऊन कुणी देत नाही. तुमची किंवा त्यांची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा (तुमच्या हक्काच्या रजेतून ती कापली जात नाही), आणि वरिष्ठाविरुद्धच्या तक्रारीत सर्वांत उपयोगी गोष्ट: तुमच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय अहवाल त्या साहेबांनी लिहायचा नाही, दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहायचा. ही तरतूद या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम ८ मध्ये आहे आणि पुष्कळ समित्यांनाही ठाऊक नसते. अर्जात नियमाचा आकडा घाला.

आणि बदली मागताना 'माझी' की 'त्यांची' ते नीट लिहा. कंपनीला नेहमी कनिष्ठ माणसाची बदली सोपी वाटते.

साक्षीदार नाही. केबिनमध्ये दोघंच होतो.

असे प्रकार चौकात होत नाहीत, समितीला ते कळतं. हा फौजदारी खटला नाही, त्यामुळे संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, ते पाहिलं जातं. त्या संध्याकाळी बहिणीला केलेला फोन, मैत्रिणीला पाठवलेला मेसेज, अचानक टाकलेली रजा, पंचिंगची वेळ, कॅबची नोंद, सगळं चालतं. स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि नंबर दिसू द्या, आणि मूळ चॅट पुसू नका. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, म्हणून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कंपनीच्या ताब्यात असेल तर तक्रारीबरोबरच ते राखून ठेवण्याची मागणी करा. ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

वकील दोन्ही बाजूंना चालत नाही.

एचआर म्हणतं, 'ते सॉरी म्हणतील, मिटवून टाक.'

समझोता कायद्यात आहे. पण तो तक्रारदार बाईनं मागितला तरच, समितीमार्फतच, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. एचआरनं बाईला बसवून समजूत काढणं म्हणजे समझोता नव्हे. कागदावर समझोता झाला आणि साहेबांनी अटी पाळल्या नाहीत, तर चौकशी सुरू होते.

चौकशीला किती वेळ लागतो?

नव्वद दिवस ही मर्यादा. संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, त्यानंतर साठ दिवसांत मालकानं कारवाई करायची. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील, दोघांपैकी कुणालाही.

घाई करूनही चालत नाही. २००९ च्या तक्रारींवर गोव्यातल्या एका विद्यापीठानं विभागप्रमुखाला काढलं. चौकशी इतकी घाईत उरकली होती की त्याला बाजू मांडायला पुरेशी संधीच मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनी तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. आपली समिती कच्चं काम करत असेल तर त्याचं नुकसान तक्रारदाराचंही होतं, हे समितीवरच्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं.

तक्रार सिद्ध झाली नाही तर माझ्यावरच कारवाई होईल?

नाही. सिद्ध न होणं आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणं, यांत कायद्यानं स्पष्ट फरक केला आहे. खोटेपणा दुष्ट हेतूनं केला हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. ही भीती घालणारं कुणी ना कुणी प्रत्येक ऑफिसात असतं.

नुकसानभरपाई कंपनी देते का?

या कायद्याखाली ती त्या साहेबाच्या पगारातून कापली जाते. मानसिक त्रास, बुडालेली संधी, औषधपाण्याचा खर्च आणि आरोपीची आर्थिक स्थिती पाहून समिती रक्कम सुचवते. दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कंपनीच्या स्वतःच्या हलगर्जीपणाबद्दल दाद मागायची असेल तर न्यायालयाचा रस्ता वेगळा आहे, त्यासाठी वकील गाठा.

पोलिसांत जाता येतं का? समितीकडे गेल्यावर?

दोन्हीकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं आहे. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी किंवा अश्लील चित्रं दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, आणि लैंगिक शेऱ्यांसाठी एक वर्षापर्यंत कैद. 'आधी आमची चौकशी संपू दे' म्हणून कंपनी तुम्हाला थांबवू शकत नाही. उलट मदत करणं तिच्यावर बंधनकारक आहे.

पार्टीत घडलं, टूरवर घडलं, घरून काम करताना व्हिडिओ कॉलवर घडलं.

कामानिमित्त जिथे जिथे जाता ते कामाचं ठिकाण. कंपनीची गाडीसुद्धा.

पुरुषांना या कायद्याखाली तक्रार करता येते का?

नाही, हा कायदा स्त्रियांपुरताच आहे. काही कंपन्यांनी स्वतःच्या धोरणात सर्वांना घेतलंय, ते तपासा.

मी टीम लीडर आहे. एका मुलीनं मला विश्वासानं सांगितलं, पण 'कुणाला बोलू नका' म्हणाली.

तिच्या लेखी संमतीवाचून तुम्ही तिच्या वतीनं तक्रार देऊ शकत नाही. पण ऐकून गप्पही बसू नका. मुदत तीन महिन्यांची आहे हे तिला तिथल्या तिथे सांगा, समितीच्या सदस्याचा नंबर द्या, तिची शिफ्ट त्या साहेबापासून वेगळी करता येत असेल तर ती तयार असल्यास करा. तक्रार झाली की नावं, पत्ते, समितीत काय चाललंय, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. प्रक्रियेतल्या कुणी फोडलं तर ५,००० रुपये दंड आहे. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपण सगळे तुझ्यासोबत आहोत' असं लिहिणं हेसुद्धा फोडणंच, हे सांगावं लागतं.

मी कंटाळून राजीनामा दिला. आता काही करता येईल?

मुदत उरली असेल तर येईल. तक्रारदार आज तिथे नोकरीत असलीच पाहिजे, अशी अट नाही. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं असेल तरी घाबरू नका, जवळजवळ सगळ्याजणी तेच लिहितात. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात खरं कारण लिहा, सोबत राजीनाम्याची प्रत आणि एचआरची शेवटची मेल जोडा, आणि कुरियरच्या पावतीचा फोटो काढून ठेवा.